वाऱ्याने वाढलेले ताट

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, घरी पुण्यात सगळे पहिल्या पावसाची वाट पाहत असताना, आम्ही सातजण हिमाचलातील हामटा खिंड चढत होतो. कुलूच्या हिरव्या खोऱ्यातून लाहौलच्या उघड्याबोडक्या खोऱ्यात उतरणारी ही वाट सुमारे ४,२७० मीटर उंचीवरून जाते आणि जूनमध्ये तिच्या शेवटच्या टप्प्यावर बर्फाचा लांबलचक उतार असतो. उंचावर दम लागलेला माणूस शिखरे पाहत नाही. काठीवर भार टाकून तो आपल्या बुटांपुढचा हातभर बर्फ तेवढा पाहतो. मीही तेच करत होतो, आणि त्या हातभर जागेत मला काळे ठिपके दिसले. आधी वाटले धूळ असेल, मग वाटले डोळ्यांपुढे अंधारी येत असेल. पण त्यांतला एक ठिपका लाल होता. वाकून पाहिले तर तो ढालकिडा निघाला. मोहरीच्या शेतात माव्यावर ताव मारणारा, लाल पाठीवर सात काळे ठिपके असलेला, लहानपणी आम्ही काडेपेटीत ठेवत असू तो.

आजूबाजूला मग बरेच काही दिसू लागले. पंख चिकटलेल्या माश्या, मावा, एक लहानशी गांधीलमाशी, काही नुसतेच पंख. आमच्या वाटाड्याला मी विचारले तेव्हा त्याने मागे वळूनही न पाहता सांगितले, “ये तो नीचे का माल है, सरजी. हवा ऊपर लाती है.” मला त्या क्षणी ते उत्तर टोलवाटोलवीचे वाटले होते. घरी परतल्यावर काही महिने या विषयावरचे जे मिळेल ते वाचत गेलो आणि लक्षात आले की उंच पर्वतांवरील कीटकांच्या उदरभरणाबद्दल त्याने एका वाक्यात जे सांगितले, ते शोधून काढायला अभ्यासकांची निम्मी हयात गेली होती.

दिवसा उन्हाने दरी तापते, तापलेली हवा उताराला धरून वर चढते आणि तिच्याबरोबर हलक्या अंगाचे जे काही असेल ते वर जाते. मावा, चिलटे, कोळ्यांची पिल्ले यांना उडण्याचे कौशल्य फारसे लागत नाही, हवेत सुटणे पुरते. अमेरिकेत लुइझियाना राज्यातील तल्लुला येथे १९२६ ते १९३१ या काळात विमानांना सापळे बांधून हवेतील कीटक पकडण्यात आले, तेव्हा साडेचार हजार मीटरवरही एक कोळी मिळाला होता. हिमालयाच्या पायथ्याशी तर गंगेचे आणि सिंधूचे तापलेले मैदान पसरलेले आहे. तिथून उठलेला कीटक वर थंड हवेत सापडला की गारठतो, त्याचे पंख थांबतात आणि तो खालच्या बर्फावर पडतो. पडल्यावर तो कुजत नाही, वाळतही नाही. फ्रिजमध्ये ठेवलेल्या भाजीसारखा ताजा राहतो, आणि बर्फ वितळू लागला की हप्त्याहप्त्याने बाहेर येतो.

हे नीट नोंदवणाऱ्यांत एक मोठे नाव भारतीय आहे. एम. एस. मणी यांनी आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजातील कीटकशास्त्र विभागातून १९५४, १९५५ आणि १९५६ या लागोपाठच्या वर्षांत वायव्य हिमालयात कीटकसंशोधनाच्या मोहिमा नेल्या. उंच प्रदेशांतील कीटकांवरचे त्यांचे एक पुस्तक १९६२ मध्ये आले आणि दुसरे, अधिक विस्तृत, १९६८ मध्ये. आपल्याकडे गिर्यारोहणाच्या इतिहासात शिखरांची आणि ती सर करणाऱ्यांची नावे पाठ असतात. हातात चिमटा आणि काचेची नळी घेऊन त्याच उतारांवर गुडघे टेकून बसलेल्या माणसांची नावे आपण फारशी घेत नाही, याचे मला जरा वाईट वाटते. मणींनी ज्या गोष्टीवर पुन्हा पुन्हा बोट ठेवले ती म्हणजे बर्फाची कड. वृक्षरेषेच्या वर गेल्यावर कीटकांचे जीवन सगळीकडे सारखे पसरलेले नसते, ते वितळत्या बर्फाच्या काठाला चिकटून असते. बर्फ जसजसा वर सरकतो, तसतशी ही काठावरची वस्तीही त्याच्या मागोमाग वर जाते.

काठावर एवढी गर्दी का, याचे उत्तर पाणी आणि ताट या दोन गोष्टींत आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. साडेपाच हजार मीटरवर तर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो. विरळ हवेत ओल टिकत नाही. बर्फापासून चार पावले दूर गेलेला दगडगोट्यांचा उतार उन्हाळ्यात वाळवंटाइतका कोरडा असू शकतो आणि चिमुकल्या अंगाच्या प्राण्याला थंडीपेक्षा हा कोरडेपणा लवकर मारतो. बर्फाच्या कडेला मात्र पाणी सतत झिरपत असते, आणि त्या पाण्याबरोबर वाऱ्याने वर आणून टाकलेले मेलेले किंवा अर्धमेले कीटक एकेक करून काठाला लागतात. जमिनीवरून पळणारे काळे भुंगेरे रात्री दगडांखालून बाहेर पडतात, बर्फाच्या कडेवर येतात आणि थंडीने जखडलेली ही शिकार ओढून नेतात. कोळी येतात. दिवसा पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे आणि हिमचटक येऊन उरलेले टिपतात. कुणालाही धावाधाव करावी लागत नाही, कारण शिकार आधीच गारठून पडलेली असते.

दुसऱ्या दिवशी, खिंड उतरून पलीकडच्या शिया गोरू नावाच्या मुक्कामावर, मी बर्फाच्या काठाचा एक थाळीएवढा चपटा दगड उचलून पाहिला. वरून तो उन्हाने तापलेला होता, हात ठेवला तर सुखद वाटेल इतका. खालची बाजू ओली आणि गार होती. मातीत बोटभर लांबीची एक पोकळी होती आणि तिच्यात एक काळा भुंगेरा दचकून उभा होता. त्याला मी उजेडात आणले म्हणून तो चिडल्यासारखा गोल फिरला आणि मातीच्या भेगेत नाहीसा झाला. जाती ओळखण्याइतके माझे ज्ञान नाही. पण काळा रंग, लांब पाय आणि पळण्याची ती घाई, हे सगळे नंतर पुस्तकी वर्णनांत जसेच्या तसे भेटले. उंचावरील कीटकांत गडद रंगाचे प्रमाण बरेच असते. काळे अंग ऊन लवकर पिते आणि विरळ हवेतून येणारी जंबुपार किरणेही अडवते. पंख मात्र अनेकांचे खुरटलेले असतात किंवा नसतातच. जिथे वारा सदैव वाहतो आणि बर्फावर पडणे म्हणजे मरण, तिथे उडता येणे हा गुण राहत नाही. मैदानातून उडालेल्यांचे काय होते ते तर समोर बर्फावर पडलेले दिसतच असते.

दगडाखालच्या त्या बोटभर पोकळीला घर म्हणणे मला अगदी योग्य वाटते. वर उन्हात आणि सावलीत, दुपारी आणि पहाटे तापमानाचा जो प्रचंड फरक पडतो, तो दगडाच्या पोटाशी पोहोचेपर्यंत बराच सौम्य होतो. हिवाळ्यात या घरावर आणखी एक छप्पर चढते. बर्फ हा थंड पदार्थ आहे एवढेच आपल्या मनात ठसलेले असते, पण भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते आणि हवा उष्णता जाऊ देत नाही, म्हणून हातभर जाडीच्या बर्फाखालची जमीन बाहेर उणे वीस अंश असतानाही शून्याच्या आसपास राहू शकते. आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी जे काम करते तेच हा बर्फ करतो. यातून एक उलटा हिशेब निघतो: हिवाळे सौम्य झाले आणि बर्फ कमी पडला, तर उघडी पडलेली जमीन अधिक गोठते आणि तिच्यातले कीटक ऊबदार वर्षी थंडीने मरतात.

या गोधडीखाली निजण्याआधी अनेक कीटक जे करतात, ते वाचून मी चकित झालो. ते पोट रिकामे करतात. पाणी शून्य अंशाला गोठते हे शाळेत शिकलेले खरे असले, तरी अगदी स्वच्छ पाण्याचा लहान थेंब शून्याच्या बराच खाली जाऊनही द्रव राहू शकतो; बर्फाचे स्फटिक सुरू व्हायला त्याला एखादा कण लागतो. आतड्यात उरलेले अन्न, धुळीचा कण, काही जीवाणू हे काम हमखास करतात. विरजणाचा एक थेंब सगळे दूध लावतो, तसे पोटातला एक कण सगळे अंग गोठवतो. म्हणून न गोठता हिवाळा काढणारे कीटक खाणे थांबवतात, आतडे स्वच्छ करतात आणि अंगात ग्लिसरॉलसारखी द्रव्ये साठवतात, ज्यामुळे रक्ताचा गोठणबिंदू खाली जातो. काही जातींमध्ये बर्फाच्या स्फटिकाला चिकटून त्याची वाढ रोखणारी प्रथिनेही असतात. उपवासाचे आपल्याकडे इतके प्रकार आणि इतकी कारणे आहेत, पण ज्या उपवासात एक घास मोडला तर अंगाचा दगड होईल, असा हा एकच माझ्या वाचनात आला.

मात्र बर्फाच्या कडेला राहणाऱ्या या भुंगेऱ्यांना थंडी सोसता येते इतकेच. थंडीशिवाय ज्यांना जगताच येत नाही अशांची गोष्ट निराळी आहे आणि तिच्यासाठी नेपाळात जावे लागते. काठमांडूच्या उत्तरेला लांगटांग खोऱ्यात याला नावाची एक लहान हिमनदी आहे, साधारण ५,१०० ते ५,७०० मीटर उंचीवर. जपानी शास्त्रज्ञ शिरो कोशिमा यांना तिच्या बर्फावर एक चिलट चालताना सापडले. हवेने आणून टाकलेले ते पाहुणे नव्हते. त्याचा जन्म, वाढ, मीलन आणि मरण सारे त्या बर्फातच होत होते. १९८४ मध्ये त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात त्याची हकीकत प्रसिद्ध केली आणि हे चिलट उणे १६ अंश सेल्सियसलाही हालचाल करते असे नोंदवले. तोवर कुठल्याही कीटकाची एवढ्या थंडीतली हालचाल नोंदवलेली नव्हती. पुढे त्या जातीला त्यांच्याच नावावरून डायामेसा कोशिमाई असे नाव मिळाले.

आपल्याकडे पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावते ते चिलट डोळ्यांसमोर आणू नये. या चिलटाचे पंख इतके आखूड झालेले आहेत की त्याला उडता येत नाही. ते बर्फाच्या पृष्ठभागावर आणि खालच्या बारीक पोकळ्यांमधून चालते. त्याच्या अळ्या बर्फाखालून वाहणाऱ्या वितळपाण्याच्या ओहोळांत वाढतात. आणि तिथे त्या खातात काय, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण बर्फ म्हणजे निव्वळ पाणी आणि पाण्यावर कोणाचे पोट भरते? पण हिमनदीचा बर्फ निव्वळ नसतो. वाऱ्याने आलेली बारीक धूळ त्याच्यावर बसते. गडद धूळ ऊन पिऊन तापते आणि आपल्या खालचा बर्फ वितळवून त्यात रुतते. त्या ओल्या जागी नीलहरित शेवाळे आणि जीवाणू धरतात. हे शेवाळे उन्हावर जगते आणि त्याला लागणारे क्षार धुळीतून मिळतात. अळ्या हे शेवाळे आणि जीवाणू खातात. म्हणजे इथेही ताट वाऱ्यानेच वाढलेले असते. हामट्याच्या उतारावर त्यात खालचे कीटक होते, यालावर खालची माती आहे.

कोशिमांचे दुसरे निरीक्षण मला पहिल्याहून अधिक आवडते. वितळपाण्याचा ओघ अळ्यांना सतत खाली वाहून नेतो आणि हिमनदीही आपल्या संथ गतीने खालीच सरकत असते. असे पिढ्यानपिढ्या चालले तर सारी जमात एक दिवस हिमनदीच्या तोंडाशी जाऊन संपेल. पण मीलनानंतर माद्या बर्फावर येतात आणि सरळ रेषेत, सूर्याच्या दिशेचा आधार घेत, चढाच्या बाजूला चालू लागतात. ज्यांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची अशा या माद्या वाहून गेलेले अंतर पायी भरून काढतात आणि वरच्या अंगाला अंडी घालतात. हामटा खिंडीच्या चढावर दर वीस पावलांनी थांबणाऱ्या मला हे वाचताना थोडी लाज वाटली, हे कबूल करतो.

उत्तर अमेरिकेतही थंडीला असाच चिकटलेला एक जीव आहे, त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कॅनडातील बॅन्फजवळच्या सल्फर पर्वतावर सापडलेल्या या बिनपंखी, मधाच्या रंगाच्या कीटकाचे वर्णन ई. एम. वॉकर यांनी १९१४ मध्ये केले. अंगाचे काही विशेष रातकिड्याचे, काही झुरळाचे, म्हणून त्याचे नाव ग्रिलोब्लाटा ठेवले गेले आणि त्याच्यासाठी कीटकांचा एक स्वतंत्र गण मानावा लागला. शून्याच्या थोडेसे वर तापमान असले की तो सुखात असतो. रात्री तो बर्फाच्या थरांवर निघतो आणि वाऱ्याने टाकलेले तेच गारठलेले कीटक शोधून खातो. जोडीला थोडे शेवाळे किंवा दुसरा पाला. वाढ इतकी सावकाश की प्रौढ व्हायला पाच ते सात वर्षे लागतात. त्याला तळहातावर घेतले तर आपल्या हाताची ऊब त्याचा जीव घेऊ शकते. हा एक तपशील वाचल्यापासून मी बर्फावरचा कुठलाही किडा हातात घेत नाही, काठीच्या टोकावर घेतो. हामट्यावर मात्र तो ढालकिडा मी मोठ्या कौतुकाने तळहातावर घेतला होता. तो मैदानातला असल्यामुळे त्याला ती ऊब मानवली. मिनिटभरात त्याने पाय हलवले.

एव्हरेस्टच्या उतारांवरचे कोडेही ताटाचेच होते. १९२४ च्या ब्रिटिश मोहिमेतील डॉक्टर आणि निसर्गतज्ज्ञ रिचर्ड हिंग्स्टन यांना २२,००० फुटांवर, म्हणजे जवळजवळ ६,७०० मीटरवर, दगडांत उड्या मारणारे कोळी मिळाले. आसपास गवताची काडी नव्हती, त्यामुळे ते एकमेकांनाच खात असावेत असे त्यांना वाटले. ज्याने घरी कधी जमाखर्च लिहिला आहे त्याला कळेल की ही व्यवस्था फार दिवस चालणार नाही. बाहेरून काहीतरी आत आले पाहिजे. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लॉरेन्स स्वॉन यांनी पुढे त्या आवकेचा माग काढला. खालून वाऱ्याबरोबर परागकण, बुरशीचे कण आणि कुजलेल्या पानांचा चुरा येतो. तो खाणारे मिलिमीटरभर लांबीचे, पोटाखालच्या शेपटीच्या झटक्याने उडणारे स्प्रिंगटेल आणि काही माश्या दगडांत राहतात आणि कोळी त्यांना खातात. वनस्पती उगवतात त्याच्याही वरचा, केवळ वाऱ्याच्या शिधावाटपावर चाललेला हा पट्टा स्वॉन यांनी वाऱ्याच्या ग्रीक देवाच्या नावाने ओळखला. कोळी काही कीटक नव्हेत, पण त्यांचे जेवण या गोष्टीतून वगळता येत नाही.

खाली, जिथे झाडोरा उरतो तिथे, व्यवहार पुन्हा ओळखीचा होतो. लाहौल आणि लडाखच्या उतारांवर दिसणाऱ्या अपोलो फुलपाखरांच्या अळ्या जातीनुसार सेडमच्या कुळातली मांसल पानांची झुडपे किंवा कोरिडॅलिसची पाने खातात, आणि केसाळ भुंगमाश्या पंखांचे स्नायू थरथरवून अंग तापवतात आणि मग फुलांवर जातात. हे सुंदर आहेच, आणि त्याची छायाचित्रे सर्वांकडे आहेत. मला ओढ लागली ती फुले संपतात त्याच्या पलीकडच्या भागाची.

त्या भागाचे आता काय चालले आहे, हे याला हिमनदीवरून कळते. १९७० च्या दशकात पहिली मोजमापे झाली तेव्हापासून ती ६६ टक्के आक्रसली आहे आणि तिचे टोक ७८४ मीटर मागे सरले आहे. मे २०२५ मध्ये काही शास्त्रज्ञ, भिक्खू आणि गावकरी तिच्या पायथ्याशी जमले आणि एखाद्या आजारी वडीलधाऱ्या माणसाचा निरोप घ्यावा तसा त्यांनी तिचा निरोप घेतला. काळ्या भुंगेऱ्यांचे कदाचित निभावेल. आल्प्समध्ये असे आढळले आहे की दगडगोट्यांच्या थराखाली झाकलेला बर्फ सावकाश वितळतो आणि त्या दगडांच्या फटींत थंडीला सरावलेले काही भुंगेरे उघडा बर्फ गेल्यावरही तग धरतात; हिमालयात असा झाकलेला बर्फ भरपूर आहे. चिलटाची गरज मात्र वेगळी आहे. त्याला ऊन पोहोचेल असा उघडा बर्फ हवा, कारण त्याच्या अळ्यांचे शेवाळे उन्हावर वाढते, आणि पायाखाली वितळपाण्याचे ओहोळ हवेत. पंख त्याने फार पूर्वीच टाकून दिलेले असल्यामुळे शेजारच्या हिमनदीवर उडून जाणेही त्याला शक्य नाही. माद्या अजूनही सूर्याचा अंदाज घेऊन सरळ वरच चालत असतील, आणि त्यांच्या मागे बर्फाची खालची कड त्याच दिशेने वर येत असेल.